विहाराच्या ओट्यावर

मागच्या हंगामात फवारताना विष अंगात भिनून दीपमालाचा भाऊ संघदीप आठ दिवस दवाखान्यात होता. तो घरी आल्यावर दीपमालाने फोनवर कास्तकारांचा एक गट काढला. कोणतं औषध कशात मिसळू नये, तोंड कसं बांधावं, याचे फोटो ती त्यावर टाकायची. महागावजवळच्या त्या गावातले दीडशे जण ते बघायचे.

पोळ्याच्या आठवड्यात गट अचानक बंद झाला. अ‍ॅपच्या कंपनीचा नवा नियम आला होता : विषाच्या डब्यांचे फोटो चालणार नाहीत. दीपमालाने तीनदा तक्रार लिहिली. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. लोक चिडले, कितीकांनी ते अ‍ॅपच काढून टाकलं. पण कपाशीत बोंडअळी दिसू लागली होती. संघदीपने दुसरं, लहानसं अ‍ॅप शोधलं. गावात नेट धड मिळायचं ते बुद्धविहाराच्या ओट्यावर, म्हणून दीपमालाने रविवारी सकाळी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

वरच्या आळीतून कोणी येईल याची तिला खात्री नव्हती. आठ-दहा जण आले. सोळा एकरांचे विठ्ठलराव मात्र फोन हातात धरून खाली लिंबाखालीच थांबले. दीपमाला उतरून त्यांच्याजवळ गेली.

"काका, वर या. इथं नेट नाही लागत."

"मी कधी चढलो नाही वो इथं," ते हळूच म्हणाले.

"मंग आज चढा."

त्यांनी चपला काढल्या. दीपमालाच्या आईने, प्रभावतीने, पाण्याचा गिलास पुढे केला. ते सगळं पाणी प्यायले आणि संघदीपशेजारी बसले. टाइप करणं जमेना, तेव्हा त्याने त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं. नव्या गटावरचा पहिला निरोप त्यांचाच गेला :

"माह्या वावरात फुलं उमलून नाही राह्यली. डोमकळ्या दिसून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण त्यांच्या वावरात गेले आणि अळी असलेल्या त्या मिटलेल्या कळ्या तोडून जाळल्या. मग आळीपाळीने इतरांच्या वावरात. त्या साली कापूस बराच वाचला.

दिवाळीआधी कंपनीने जुना गट परत सुरू केला, पण तिकडे कोणी फिरकलं नाही. नव्या गटावर विठ्ठलराव रोज पहाटे बैलांचे फोटो टाकतात. हा गट शेतीच्या कामाचा आहे, असं दीपमालाने त्यांना दोनदा सांगितलं. आता ती सांगत नाही. बैल देखणे आहेत.