पाच नंबरचा पंप

पाणीपुरवठ्याचे मिस्त्री दुकानात शिरले आणि त्यांनी कापायच्या टेबलावर जाड निळं कापड ठेवलं. कामावर घालायचा कोट शिवायचा होता, चार खिशांचा. शिंप्याने गळ्यातली टेप काढली, तर मिस्त्री म्हणाले, माझा नाही, तुमच्या बहिणीचा. मापं घरातच आहेत म्हणाली.

शिंप्याने टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

बहीण त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. नवव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली, आणि आईवडिलांच्या माघारी तिची काळजी त्याच्याकडे आली. तिला सरकारी भत्ता मिळायचा. पण त्याला दोन अटी होत्या: महिन्याची कमाई ठरावीक रकमेच्या वर जाता कामा नये, आणि खात्यातली शिल्लकही मर्यादेतच हवी. एकदा आत्याने प्रेमापोटी तिच्या खात्यात पैसे टाकले आणि तीन महिने भत्ता बंद पडला. तेव्हापासून शिंप्याने धसकाच घेतला होता. शिल्लक वाढायला लागली की तो बहिणीला घेऊन बाजारात जायचा आणि गरज असो नसो, काहीबाही घेऊन यायचा. घरात माणसं दोन आणि छत्र्या सहा होत्या. पंपघरात टेलिफोनवर बसायचं काम तिला मिळालं, तेव्हाही त्यानेच तिथल्या साहेबांना गळ घालून ते रोजच्या दोन तासांवर आणलं होतं. पगार कमी करा म्हणून हात जोडणारा माणूस साहेबांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला असेल.

मिस्त्रींनी मग सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी फोन खाली ठेवता ठेवता ती सहज म्हणाली होती, पाच नंबरच्या पंपाला काहीतरी दुखतंय. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आठवड्याने पंप खोलला, तर आतलं बेअरिंग तडकलेलं. तेव्हापासून ते तिला रोज यंत्रांपाशी नेत होते, आणि आता तिला पूर्ण वेळ कामावर घ्यायचं नक्की झालं होतं.

"तिचा भत्ता जाईल," शिंपी म्हणाला. "आणि उद्या तुम्हीच काढून टाकलंत तर?"

मिस्त्री दाराकडे वळले. कापड तिथेच ठेवून गेले.

घरी बहिणीने कबूल केलं, की तो नाही म्हणणार हे ठाऊक होतं म्हणूनच तिने त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"दादा, एकदा बघायला तर ये," ती म्हणाली. "मग नाही म्हण."

दुसऱ्या दिवशी तो गेला. पंपघर त्याने आजवर बाहेरूनच पाहिलं होतं. आत पाऊल टाकताच तळव्यांतून थरथर वर चढली आणि दात कडकडायला लागले. माणसाच्या दुप्पट उंचीचे बारा पंप एका ओळीत धडधडत होते. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. बहिणीने भिंतीवरची लोखंडी कांब काढली, एक टोक पहिल्या पंपाला टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला. रस्ता ओलांडताना त्याचा दंड घट्ट धरणारी ती, इथे कोणाचा हात न धरता एकेका पंपापाशी जात होती. कामगार बाजूला होऊन उभे होते. आठला तेल कमी पडतंय, तिने बोटांनी खूण केली. नऊपाशी ती बराच वेळ थांबली. मग मिस्त्रींच्या कानाशी जाऊन काही बोलली. मिस्त्रींनी खाली वाकून पाइपाच्या जोडावरचा नट पाव फेरा आवळला, आणि त्या सगळ्या गदारोळात काहीतरी नितळ झालं. तेवढं शिंप्यालाही कळलं.

तिने कांब त्याच्या हातात दिली. त्याला नुसती घरघर ऐकू आली.

"घरघर सोड. तिच्या खालचं ऐक," ती त्याच्या कानात ओरडली.

त्याने डोळे मिटले. कितीतरी वेळाने, घरघरीच्या खाली, पाणी ऐकू आलं. अखंड, जड, वर चढत जाणारं. टेकडीवरच्या टाकीकडे आणि तिथून सगळ्या शहराकडे निघालेलं. ही रोज हे ऐकत होती. त्याने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

भत्त्याच्या कार्यालयात दोघं एकत्र गेले. प्रश्न बहिणीने विचारले. खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की काम सुरू केल्याबरोबर भत्ता तुटत नाही, काम झेपतं का ते पारखायला आधी काही महिने मिळतात. त्यानंतर तो थांबतो, शिल्लक किती ठेवायची याचं बंधनही सुटतं. पुढच्या काही वर्षांत काम झेपेनासं झालं, तर नव्याने अर्ज न करता भत्ता परत सुरू होऊ शकतो. फक्त दर महिन्याचा पगार न चुकता कळवायचा.

"हे कधीपासून आहे?" शिंप्याने विचारलं.

"पहिल्यापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ते खरं होतं. विचारलं तर असलेलंही काढून घेतील, या भीतीने तो आजवर खिडकीशी फिरकलाच नव्हता.  परतताना बहिणीने टोचून काही म्हटलं नाही. कोट मात्र त्याने त्याच रात्री कापायला घेतला.

पुढच्या वर्षी भत्ता थांबल्याचं पत्र आलं. बहिणीने ते दोनदा वाचून घेतलं आणि झोपायला गेली; पहाटेची पाळी होती. त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या शहरातले दोन इंजिनिअर तिच्याकडे पंप ऐकणं शिकायला आले. शिंप्याने दुकान बंद ठेवलं आणि तो पंपघरात मागे भिंतीला टेकून उभा राहिला. दोघांनी आळीपाळीने कांब कानाला लावली. दोघांनाही घरघरच ऐकू येत होती. ती हसली. तिने कांब परत मागून घेतली आणि पुन्हा पहिल्या पंपापासून सुरुवात केली.