उजव्या पायाचा नमुना

आमच्या चपलांच्या कारखान्यात मला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. माझं काम काय ते ऐकून लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. नव्या चपलेच्या सोलवर जी नक्षी असते, तिच्यात कुणाच्या धर्माची खूण किंवा पवित्र अक्षर चुकूनही उमटलेलं नाही ना, हे मी बघायची. नमुना उलटा धरायचा, आडवा धरायचा, आरशात बघायचा, ओल्या मातीत ठसा उमटवून बघायचा आणि मग कागदावर सही ठोकायची. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून' ही म्हण माझ्यासाठीच निघाली, असं मशीनवरचे लोक म्हणत. म्हणोत बापडे.

सुरुवातीला हे काम मला मनापासून आवडायचं. कुणी ज्याच्यापुढे डोकं टेकतो ते आपण पायाखाली का द्यावं, इतकी साधी गोष्ट होती. मग दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या रस्त्यावरच्या केकच्या दुकानावर जमाव आला. खोक्यावरच्या एका चित्रावरून. काचा फुटल्या त्याचं एवढं नाही, काचा नव्या बसतात. पण चित्र काढणाऱ्याचं घर लोकांनी शोधून काढलं. तो माणूस आता कुठे आहे, कुणी सांगत नाही. तेव्हापासून माझ्या मनातला आदर गेला आणि नुसती भीती उरली.

त्या सोमवारी सकाळी एका दुकानदाराचा फोन आला. आवाज दबका. "ताई, तुमची ती नवी निळी चप्पल आहे ना, तिचा जोड पालथा करून शेजारी-शेजारी ठेवा. अगदी चिकटवून. एका गिऱ्हाइकानं दाखवलं मला."

ठेवला. डाव्या सोलवरची अर्धी रेघ उजव्या सोलवरच्या अर्ध्या रेघेला भिडली आणि मधोमध ती खूण उभी राहिली. कुठली, ते मी सांगणार नाही. आमच्याकडे नमुना नेहमी एकाच पायाचा बनतो, उजव्या. डाव्यासाठी माल कशाला वाया घालवायचा, तो पुढे साच्यातून आपोआप निघतो. अकरा वर्षं मी चप्पल चारी दिशांनी तपासली आणि माणसाला दोन पाय असतात हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

"गिऱ्हाईक फार चिडलंय का हो?" मी विचारलं.

"छे! म्हातारे गृहस्थ आहेत. म्हणाले, चुकून झालं असेल, फक्त कळवा त्यांना."

नक्षी माझ्या भाचीनं काढलेली होती. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते आणि मीच तिला या कारखान्यात चिकटवलं होतं.

मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, त्या दिवशी कुजबुजत होता. "सगळा माल परत मागवा. आणि एक माफीपत्र छापून प्रत्येक दुकानात चिकटवा."

"मालक, एकाच माणसानं बघितलंय आणि तोही गप्प आहे. माल तेवढा परत आणू, पत्र नको."

"आणि दुसऱ्यानं बघितलं तर? पत्र हवं, आणि पत्रात नाव हवं. अमक्यानं केलं, त्याला आम्ही काढून टाकलं, असं स्वच्छ. नाव नसलं तर लोक माझ्याच दारात येतील." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "नक्षी कुणाची?"

टेबलावर तपासणीचा कागद होता, त्याच्यावर माझी सही. मी तो उचलून फाईलमध्ये सरकवला. "पोरीची," मी म्हणाले.

घरी भाचीनं भांडून घेतलं. "मावशी, शोधायलाच बसलं तर भिंतीच्या ओलीतसुद्धा काहीतरी दिसेल. मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नसेल गं. पण त्या आजोबांना लागलं असेल ना?"

"मग मी जाते त्यांच्याकडे, चुकलं म्हणते. त्यात कसला कमीपणा? पण भिंतीवर माझं नाव चिकटवून कुणाची समजूत पटणार आहे?"

तपासलं कुणी होतं, हे तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी पत्र टाइप केलं आणि तिचं नाव आडनावासकट घातलं. लाज वाटली, पण भीती जास्त होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोमवारी ती खूण चार-पाच माणसांना माहीत होती. पत्रं लागली आणि लोक विचारू लागले, माफी कशाची? गुरुवारपर्यंत जो तो निळ्या चपला जमिनीवर जुळवून फोटो काढत होता. कारखान्याचा फोन वाजायचा थांबेना. पत्राचाही फोटो मोबाईलवर फिरू लागला, त्यात तिचं नाव सगळ्यांत ठळक. ते ठळक मीच केलं होतं, मालकांनी सांगितलं म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी मी भाजी निवडत होते. बेल वाजली. दारात दोन पुरुष, इस्त्रीचे शर्ट, बोलणं एकदम मऊ. एकानं मोबाईलवर पत्र उघडून भाचीचं नाव वाचलं. "इथेच राहतात का त्या?"

दार मी अर्धंच उघडलं होतं. "मीच ती," मी म्हणाले.

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "बरं. जरा खाली येता का? बोलायचंय."

"येते," मी म्हणाले. सगळी भीती असूनही त्या क्षणी मला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मी मागे दार ओढून घेणार, तेवढ्यात आतून भाचीचा आवाज आला.

"मावशी, कोण आलंय गं?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग एकानं हात पुढे केला आणि दार हळूच आत ढकललं.