ओढ्यावरची वीज कुणाची?

मॅडम येणार हे कळल्यापासून नर्स एका जागी बसली नव्हती. मॅडम म्हणजे आदिवासी ऊर्जा विभागाच्या पाहणी अधिकारी. डोंगरावरच्या वस्तीने ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करायची म्हणून सरकारकडे अनुदान मागितलं होतं. ते द्यायचं की नाही, हे या बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. अर्जावर सही नर्सची होती. पळापळही तिचीच होती.

खरं तर वस्तीला वीज बघायला कमी नव्हती. मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जाड तारा वस्तीच्या डोक्यावरून थेट खालच्या शहरात जात होत्या. हवा दमट असली की त्या गुणगुणायच्या. पण त्यातली वीज खाली उतरवून घेणं एवढ्याशा वस्तीसाठी परवडत नाही, असं वीज कंपनीचं ठरलेलं उत्तर होतं. आरोग्य केंद्राच्या छपरावर सौर पाट्या बसवल्या होत्या, पण वर्षातला बराच काळ डोंगर धुक्यात बुडालेला. पाट्या बिचाऱ्या आंधळ्यासारख्या वर बघत बसायच्या. लशी खालून बर्फाच्या पेटीत आणायच्या, त्याच दिवशी टोचायच्या आणि उरलेल्या परत खाली न्यायच्या. नर्स याच वस्तीत जन्मलेली, शहरात शिकून आपणहून इथे परत आलेली. केंद्रात एक फ्रिज चालावा आणि बाळंतपणाच्या वेळी दोन्ही हात मोकळे राहावेत, कुणाला बॅटरी धरून उभं करायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

अडचण एकच होती, आणि ती घरातलीच होती. ओढा जिथून वळवायचा ती जागा तिच्या मामाची. पाण्याचा पाट जाणार तोही मामाच्या शेताच्या कडेने. मामाने मान डोलावली तर सगळं होणार, नाहीतर काही नाही.

मामा अडेलतट्टू नव्हता. वडील गेल्यावर तिला शिकवलं ते त्यानेच. पण विजेचं नाव काढलं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. कारण मनोरे उभे राहिले तेव्हा वस्तीला हो म्हणायला लावणारा मामाच होता. पहिला दिवा तुमच्याच घरात लागेल, असं साहेब लोकांनी सांगितलं होतं. मामाने विश्वास ठेवला, घरोघर जाऊन लोकांना पटवलं, झाडं तोडायला स्वतः कुऱ्हाड घेऊन गेला. मनोरे उभे राहिले, तारा ओढल्या, साहेब गेले. पुढे कितीतरी वर्षं लोक येता-जाता त्याला विचारायचे, "काय मामा, दिवा कधी लागतोय?" लोक चेष्टेत म्हणायचे. मामाच्या ते जिव्हारी लागायचं.

आदल्या दिवशी नर्स त्याच्याकडे गेली. मामा बांधाचे ढासळलेले दगड रचत होता.

"मामा, उद्या मॅडम येताहेत."

"येऊ देत की. पाहुण्याला मी कधी हाकललंय?"

"बैठकीला येशील ना?"

"येईन."

"आणि हो म्हणशील?"

मामाने दगड फिरवून फिरवून बसवला. मग म्हणाला, "तू सुई टोचण्याआधी माणसाला चार प्रश्न विचारतेस ना? मलाही विचारू दे. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या लंगडतच. जीप पायथ्याशी सोडून चढाव चढताना नव्या बुटांनी टाचेचं सालटं काढलं होतं. नर्सने आधी त्यांना केंद्रात बसवून पट्टी बांधली. "सरकारचं पहिलं अनुदान मलाच मिळालं म्हणायचं," मॅडम हसत म्हणाल्या, आणि नर्सला जरा हायसं वाटलं. बाई कामाच्या होत्या. दुखऱ्या पायाने ओढ्यापर्यंत गेल्या, पाण्याचा वेग मोजला, वरच्या डोहापासून खालच्या सपाटीपर्यंतची उंची घेतली. मामा न बोलता मागे मागे चालत होता.

"पाणी उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "उतारही हवा तसा. माझ्याकडून काही अडचण नाही."

बैठक शाळेच्या खोलीत झाली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मॅडमनी सगळं नीट समजावलं. पाट, पाईप, पाण्याने फिरणारं चाक, त्याला जोडलेलं जनित्र, खांब, घरोघरी तार. सगळा खर्च सरकारचा. लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. शाळेचे गुरुजी तर उभे राहून टाळ्याच वाजवायला लागले.

तेवढ्यात मामाने हात वर केला.

"बाई, हे सगळं कुणाचं होणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे चाक, खोली, तार. मालक कोण?"

मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "मालकी विभागाची. चालवायला कंत्राटदार नेमला जाईल."

"आणि पाणी?"

"करार असेल तोवर त्या पाण्याच्या वापराचा हक्कही विभागाकडे."

"म्हणजे चाक बंद पडलं तर आम्ही हात लावायचा नाही. आणि उद्या ही वीज दुसरीकडे न्यायची ठरली, तर आम्हाला विचारायचंही नाही."

मॅडमनी हातातला कागद मिटला. "तसं होईल असं मी म्हणत नाही. पण होणार नाही, असं वचनही मला देता येणार नाही."

"मग माझी जमीन मिळायची नाही," मामा म्हणाला आणि खाली बसला.

खोलीत एकच गलका उठला. "हातातोंडाशी आलेला घास घालवताय!" गुरुजी ओरडले. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तेव्हा मनोऱ्यांना हो म्हणून फसवलंत, आता नाही म्हणून अडवताय!" मामाने मान वर केली नाही.

मॅडम नर्सकडे वळल्या. "अर्ज तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

नर्स उठून उभी राहिली. बर्फाच्या पेट्या वाहून खांदा उतरलेला, तो आठवला. मामाला बाजूला घेऊन, हातापाया पडून हो म्हणायला लावणं तिला शक्य होतं. तिच्यासाठी त्याने ऐकलंही असतं. पण तो विचारत होता त्यात चूक काय होती, ते तिला शोधूनही सापडेना.

"मॅडम," ती म्हणाली, "या खोलीत विजेची सगळ्यात जास्त गरज मलाच असेल. पण मामा म्हणतोय ते खरं आहे. यंत्र वस्तीच्या नावावर करा. चालवायला, दुरुस्त करायला आम्ही शिकू. ते होणार नसेल, तर मीही माझी सही मागे घेते."

मग सगळे एकदमच बोलायला लागले. त्यातलं तिच्या बाजूचं फारसं काही नव्हतं.

"नियम मी केलेले नाहीत," मॅडम पिशवी आवरत म्हणाल्या. "वर बोलून बघते. पण खोटी आशा देत नाही. वर्षाअखेर जवळ आली आहे, तोवर ठरलं नाही तर हा निधी दुसऱ्या डोंगरावर जाईल."

त्या गेल्या आणि वस्तीने नर्सशी धरला अबोला. औषधाला यायचे सगळे, पण हात पुढे करून तोंड दुसरीकडे. गुरुजींची लेक बाळंत झाली ती धुकट सकाळी, खिडकीजवळ खाट ओढून. मुलगी झाली, चांगली टणटणीत. गुरुजींनी दाराबाहेरूनच विचारलं, "दोघी बऱ्या आहेत ना?" ती "हो" म्हणाली. "बरं," म्हणून ते निघून गेले. आभाराचा शब्द त्यांच्या ओठावर आला आणि परत फिरला, हे तिला दिसलं.

घरी आईच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. "मामा-भाचीची काय जोडी आहे! एकाने नन्नाचा पाढा लावायचा, दुसरीने सुरात सूर मिसळायचा. आणि दुकानात लोक टोमणे मारणार ते कुणाला? मला!"

एका दुपारी मामा केंद्रात आला. रक्तदाब बघ म्हणाला. आयुष्यात कधी रक्तदाब न तपासलेला माणूस. तिने पट्टा बांधला, फुगा दाबला. वाढलेला होता.

"झोप लागत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ते तुला माहीत आहे." मग जरा वेळाने, "मी चुकलो असेन तर गं?"

"तर दोघं चुकलो."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाही, सोबत आहे."

मामा खाटेच्या कडेला बसून राहिला. बाही खाली ओढता ओढता म्हणाला, "तू म्हणालीस तर उद्या खाली जाऊन सही करून येतो. तुझे हाल बघवत नाहीत मला."

नर्सने पट्टा गुंडाळायला घेतला. किती सोपं होतं ते. एक 'बरं' म्हणायचा अवकाश, उद्यापासून सगळे हसून बोलणार. पण मामाचे खांदे असे पडलेले तिने कधी बघितले नव्हते. आपल्यासाठी त्याने सही केली, आणि उद्या वीज खरंच दुसरीकडे गेली, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही.

"नको," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. मीठ कमी कर आणि ही गोळी सकाळी घे."

मामाने गोळी खिशात टाकली. दाराशी थांबला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून निघून गेला.

वर्षाअखेर येऊन ठेपली. लोकांनी आशा सोडली. आणि एका सकाळी लस टोचताना नर्सला खिडकीतून जुनी, मळकी चप्पल घातलेली एक बाई चढाव चढताना दिसली. मॅडमच होत्या.

"पाणी द्या आधी," त्या म्हणाल्या. "फोन लागत नाही तुमच्याकडे, म्हणून यावं लागलं."

नर्सला विचारायचा धीर होईना. मॅडम तांब्या रिकामा करूनच बोलल्या.

"झालं."

"काय झालं?"

"मंजूर झालं. वस्तीची सहकारी संस्था करायची, यंत्राची मालकी संस्थेची. पाणी तुमचं ते तुमचंच. विभाग चालवायचं प्रशिक्षण देणार आणि वर्षातून एकदा तपासायला येणार. बाकी काही नाही."

"कसं काय?"

"आमचे मोठे साहेब आधी भडकले. तुमच्यासारखंच आणखी दोन-तीन वस्त्यांनी विचारलं होतं, म्हणून जास्तच भडकले. मी म्हटलं, लोकांना स्वतःचं म्हणून सांभाळायचंय, त्यात वाईट काय आहे? मग त्यांनी विचार केला. म्हणाले, बरोबर आहे, नाहीतर दर बिघाडाला तो डोंगर कोण चढणार?" मॅडम हसल्या. "तुमचा डोंगर मदतीला आला बघा."

नर्सने हातातली सुई खाली ठेवली. समोर रांगेतलं मूल भोकाड पसरून रडत होतं, त्याची आई वाट बघत होती, आणि ही सरळ पायरीवर जाऊन बसली. हसू आलं आणि त्यातच रडू आलं. "मामाला बोलवा," एवढंच तिला म्हणता आलं.

मामा आला तो चिखलाच्या हातांनी. मॅडमनी करार पुढे ठेवला. त्याने तो वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचून घेतला, मग हात धुऊन आला आणि सही केली. सही झाल्यावर त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मॅडम दचकल्या. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"आता बरं आहे," मामा म्हणाला.

मग पुढचे महिने सगळी वस्ती मातीत. पाट खणायला घरटी माणूस, पाईप खांद्यावरून वर चढवायचे, खांबांचे खड्डे. टोमणे मारणारेच सगळ्यात पुढे. यंत्र चालवायला कुणाला शिकवायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नर्सची आई उभी राहिली. "मी शिकते. या दोघांच्या नादाने एवढं ऐकून घेतलंय, निदान चावी तरी माझ्या हातात हवी." कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. तिच्या जोडीला गुरुजींचा जावई.

पाणी सोडायचा दिवस उजाडला, आणि नेमकं त्या दिवशी धुकं पार उडालेलं. लख्ख ऊन. आईने झडप उघडली, पाणी पाईपमधून धडधडत उतरलं, चाक आधी कुरकुरलं आणि मग भिरभिरायला लागलं. शाळेत सगळे दिव्याकडे डोळे लावून उभे. पण उन्हात कळेचना, लागला की नाही. कुणी म्हणे लागला, कुणी म्हणे काच चमकतेय. शेवटी गुरुजी बाकावर चढले, दोन्ही तळव्यांनी दिवा झाकला आणि फटीतून आत डोकावले.

"लागलाय! लागलाय हो!"

मग बाकावर चढायला रांग लागली. म्हातारी माणसंसुद्धा चढली. मामा चढला, बराच वेळ बघत राहिला, आणि मागच्यांनी ओरडा केला तेव्हा उतरला. गुरुजी नर्सजवळ आले. नातीला त्यांनी कडेवर घेतलं होतं. "ताई," ते म्हणाले, "त्या वेळी मी..."

"तिच्या पुढच्या लशीची तारीख जवळ आली आहे, गुरुजी. विसरू नका."

"नाही विसरणार," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

ती केंद्रात गेली, फ्रिजला हात लावून बघितला. थरथरत होता, आतून गार होत होता. बर्फाच्या पेटीतल्या लशी आत ठेवून तिने दार लावलं. मग ओढ्याकडे निघाली. यंत्राच्या खोलीपुढे आई गर्दी हटवत होती. "लांब उभे राहा, मशीनला वारा लागू द्या!" मामा शेजारच्या दगडावर बसून तिला उगाच सूचना देत होता, आणि आई त्या मुळीच ऐकत नव्हती.

नर्स त्या दोघांना वळसा घालून खाली गेली. चाकावरून सुटलेलं पाणी तिथे पुन्हा ओढ्याला मिळत होतं. तिने चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि मागे हात टेकून बसली. उद्या कुठे जायचं नव्हतं, काही वाहून आणायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुणी तिला हाक मारली नाही.