मुहूर्ताचा पेढा

मित्रांनो, अंगावरचा गंज पाहून मला भंगार समजू नका. मी वजनकाटा आहे. वयाने जुना झालो असलो तरी मापाने खोटा झालेलो नाही. हिंगणघाटातल्या एका जिनिंग कारखान्याच्या मागच्या पडवीत, फुटक्या कौलांच्या ढिगाला टेकून मी उभा आहे. माझ्याकडे आता कोणी येत नाही. म्हणून जे सांगायचे ते तुम्हालाच सांगतो.

माझी रचना साधी आहे. खाली लोखंडी फळी, तिच्या पोटात एकमेकींना जोडलेल्या तरफा आणि वर छातीइतक्या उंचीवर पितळी दांडी. फळीवरचा मोठा भार तरफांमधून लहान होत होत दांडीपर्यंत पोहोचतो, आणि दांडीवर सरकणारे वजन त्याला तोलून धरते. या व्यवस्थेत श्रद्धेला जागा नाही. कोणी नमस्कार करून चढो की शिव्या देत चढो, दांडी तेवढीच उठते. ओतशाळेत माझा लोखंडी सांगाडा ओतला गेला, कारागिरांनी कानशीने घासून माझ्या तरफांच्या धारा जुळवल्या, वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने माझ्यावर शिक्का मारला, आणि मी मालगाडीने या गावी आलो.

हंगामात माझ्या फळीला उसंत नसे. पहाटेपासून बैलगाड्यांची रांग लागे. कापसाची पोती चढत, उतरत. पलीकडे कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे घरघरत, सरकी एका बाजूला पडे आणि रुई दुसऱ्या बाजूला. माझ्याजवळ उभे असत अण्णाजी मापारी. मूळचे रोहणा गावचे. शेती भावाकडे सोपवून ते कारखान्याच्या नोकरीत आले होते. दांडी स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून धरत आणि मग खणखणीत आवाजात आकडा पुकारत. त्यांच्या आकड्याला बाजारात कोणी हरकत घेत नसे.

आता एक शब्द समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. कापूस ओला असतो, त्यात माती असते, पोत्याचेही वजन असते. त्यासाठी मापारी एकूण वजनातून ठरलेला भाग वजा करतो. त्याला कडता म्हणतात. कापूस चांगला की वाईट हे पाहून कडता कमीजास्त होतो. ही माणसांनी आपसात केलेली तडजोड आहे. माझ्या दांडीवर तिची एकही खूण नाही.

अण्णाजींची पत्नी शकुबाई. कारखान्याच्या आवारातच त्यांची खोली होती. शकुबाई अंगाने भरलेल्या होत्या, मोठ्याने हसत, आणि गोड पदार्थ मनापासून खात. आणीबाणी उठली त्या सुमारास त्यांना सरकारी दवाखान्यात साखरेचा आजार निघाला. त्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हते.

"डॉक्टर म्हने वजन उतरवा. नाईतर डोळे जाईन, पाय जाईन." त्या म्हणाल्या. "माह्या मायचा पाय कापला होता, आठवते ना? जखम मीच धूत होतो."

"मंग उतरव," अण्णाजी म्हणाले. "काटा घरचाच हाय. चढ."

"कापसावानी मोजता काय मले?"

"कापसावानीच. कडता बी देतो. लुगडं अन् बांगड्या वजा."

त्यावर दोघेही हसले. अशा रीतीने दर रविवारी, काटा रिकामा असताना, माझ्या फळीवर शकुबाई उभ्या राहू लागल्या.

प्रथम सर्व काही शास्त्राला धरून चालले. त्यांनी चहातली साखर सोडली, भात निम्म्यावर आणला, सकाळी वेणा नदीच्या काठाने चालायला सुरुवात केली. रक्तातली साखर उतरवणारी डॉक्टरांची एक गोळी रोज घेत. वजन हळूहळू उतरू लागले. उगीच वर-खाली होणारे हे उतरणे नव्हते, ते खरेखुरे होते. मी त्याची ग्वाही देतो. अण्णाजी आकडा असा पुकारत की रेच्यावरच्या बायाही मान वळवून पाहत. शेजारच्या लीलाबाई म्हणत, "काहो शकुबाई, अशाच उतरत गेल्या तर मापारी तुमाले वळखनार नाई बरं!" शकुबाई पदर तोंडाला लावून हसत. मला वाटते, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले रविवार तेच होते.

मग केळझरला भाचीचे लग्न आले.

"खरं सांगू काय?" परतल्यावर फळीवर पाय ठेवण्यापूर्वीच त्या म्हणाल्या. "पंगतीत दोन जिलब्या खाल्ल्या. वाढणारी पोर ऐकेच ना."

अण्णाजींच्या कपाळाला आठी पडली. ओला कापूस आणणाऱ्या गाडीवानाकडे ते जसे पाहत, तसे त्यांनी बायकोकडे पाहिले. "मंग आज कडता बंद."

लुगडे आणि बांगड्या त्या दिवशी वजा झाल्या नाहीत. त्यातून लग्नातले तिखट-मीठ, प्रवास आणि जागरण यांनी अंगात पाणी धरले होतेच. आकडा बराच चढला. शकुबाईंचा चेहरा उतरला. दोन जिलब्यांचे वजन किती असते, हे कोणीही तागडीत घालून पाहू शकले असते. दोन जिलब्यांनी माणसाचे वजन दोन जिलब्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही. वस्तुमान हवेतून निर्माण होत नाही. पण त्या आवारात तेवढा हिशेब कोणी मांडला नाही. त्या दिवसापासून नियम ठरला: गोड खाल्ले की कडता बंद, आणि उपास केला की कडता परत.

उपासाने वजन खरोखर उतरे, हीच खरी अडचण होती. दिवसभर अन्नपाणी न घेतलेले शरीर हलके भरणारच. घामातून आणि श्वासातून गेलेले पाणी मी इमानाने कमी दाखवत असे. दुसऱ्या दिवशी दोन तांबे पाणी प्याल्यावर तेवढेच परत येई, पण तेव्हा कोणी मला विचारत नसे. दोघांनाही वाटले, पाप चढते आणि प्रायश्चित्ताने उतरते, आणि काटा त्याचा साक्षीदार आहे. मी फक्त बेरीज-वजाबाकी करत होतो. त्यांनी तिच्यात न्यायनिवाडा वाचला.

हळूहळू शकुबाईंचे हसणे कमी झाले. गोड मात्र पूर्ण सुटले नाही, कारण ते कोणाचेच पूर्ण सुटत नाही. पूर्वी त्या सर्वांसमोर बसून खात, आता लपून खाऊ लागल्या. एका दिवाळीत मी त्यांना सरकीच्या ढिगामागे उभे राहून अनारशाचा तुकडा खाताना पाहिले. त्यांनी तो एवढ्या घाईने गिळला, की त्याची चव त्यांना लागली असेल असे मला वाटत नाही. नंतर त्यांनी तोंड धुतले, पदराने पुसले आणि दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घेतले नाही.

डॉक्टरांनी याबद्दल स्पष्ट सांगितले होते. दवाखान्यातून परत आल्यावर शकुबाईंनीच ते अण्णाजींना ऐकवले, माझ्या दांडीवर हात ठेवून.

"म्हने, सणावाराले घासभर गोड खाल्लं तर काही बिघडत नाई. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखं जेवा. गोळी घेऊन उपाशी राहू नका. वजन उतरलं की गोळी कमी करा लागते, म्हनून दर महिन्याले येजा. अन् कदी घाम सुटला, हातपाय कापले, तर लगेच साखर खाजा."

"साखरवालीले साखर?" अण्णाजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा लावली. "येडा झाला का काय तो?"

"मले बी तसंच वाटलं."

दोघे हसले. पुष्कळ दिवसांनी ते एकत्र हसले होते, म्हणून तो प्रसंग माझ्या लक्षात राहिला आहे.

पुढच्या महिन्यात शकुबाई दवाखान्यात गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. "काऊन नाई गेलीस?" असे अण्णाजींनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तो विचारते, गोड खाल्लं काय? मी काय सांगू? खोटं बोलता येत नाई मले. अजून जरा उतरू द्या, मंग जातो." वजन उतरत होते. पूर्वीच्या भारी शरीरासाठी ठरवलेली गोळी आता पुष्कळ हलक्या झालेल्या शरीरात जात होती. ती कमी करणारा माणूस गावातच होता. त्याच्यासमोर उभे राहण्याची मात्र शकुबाईंना लाज वाटत होती. मित्रांनो, अपराधीपणाचे नुकसान मोजण्याचे यंत्र नाही. असते तर त्या दोन महिन्यांत त्याची दांडी वर आपटली असती.

दिवाळीनंतर हंगामाचा मुहूर्त आला. त्या दिवशी आमच्याकडे काट्याची पूजा होते. मला धुतात, दांडीला झेंडूचा हार घालतात, फळीवर हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. ज्याची दरवर्षी तपासणी करायला हवी त्याला वर्षातून एकदा देव करतात, असो. पूजेचा मान मापाऱ्याच्या बायकोचा. शकुबाईंनी मला ओवाळले. कारखान्याचे मालक मोतीलालशेठ पेढ्यांचे ताट घेऊन पुढे झाले.

"लो भाभी. काँटे का प्रसाद है, ना नहीं कहते."

शकुबाईंनी अण्णाजींकडे पाहिले. अण्णाजींनी दुसरीकडे पाहिले. मालकासमोर, सगळ्या कामगारांसमोर, प्रसाद नाकारणार कसा? त्यांनी पेढा तोंडात टाकला.

"पाहा बाई!" लीलाबाई ओरडल्या. "काट्यालेच साक्षी ठेवून पेढा खाल्ला! आता तो काय सांगते ते पाहू रविवारी!"

सगळे हसले. थट्टा निर्विष होती. शकुबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्जळी उपास केला. सकाळची गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकवणे हाही त्यांच्या लेखी अपराधच होता. दुपारी त्या अण्णाजींचा डबा घेऊन आल्या. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. दोन गाड्यांमधल्या फटीत त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत धीर नाई निघत. पाहता काय?" आणि फळीवर चढल्या.

तो त्यांचा आजवरचा सर्वांत कमी आकडा होता. अण्णाजींनी तो दोनदा पाहिला आणि आनंदाने पुकारला. "घे! पेढा उतरला! कडता परत!" गाडीवानांनीही माना डोलावल्या. मी तोललेला आकडा अचूक होता. माझ्या फळीला त्याच वेळी त्यांच्या पायांचा कंपही जाणवत होता. त्यांच्या तळव्यांचा घाम लोखंडावर उमटला होता. पण कंप आणि घाम यांच्यासाठी माझ्याकडे दांडी नाही.

उतरताना त्या झोकांडल्या. लीलाबाईंनी दंडाला धरले. "घामानं भिजल्या हो ह्या! थांबा, गूळ आनतो."

"गूळ?" अण्णाजी दचकले. "साखरवालीले गूळ देता काय? मारता काय तिले?"

तरीही लीलाबाई धावत गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. त्यांनी तो शकुबाईंच्या ओठांना लावला. शकुबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. जड जिभेने त्या एवढेच बोलल्या, "आत्ताच तं उतरलं... नोको."

उपासाचा थकवा असेल म्हणून त्यांना रुईच्या गंजीच्या सावलीत निजवले. "झोप लागली तिले. निजू द्या," अण्णाजी म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले. रांग मोठी होती. संध्याकाळी शेवटचे पोते उतरल्यावर ते हाक मारायला गेले, तेव्हा त्या हाकेने उठल्या नाहीत. रिकाम्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली. शरीराने ती घेतली, पण मेंदूला फार वेळ ती मिळाली नव्हती. शकुबाई शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

रक्तातली साखर संपल्यामुळे त्या गेल्या, असे डॉक्टरांनी अण्णाजींना समजावून सांगितले. अण्णाजींनी मान हलवली. आवारात परत आल्यावर मात्र त्यांनी लोकांना सांगितले, "मुहूर्ताचा पेढा नडला. एका पेढ्यानं घात केला." लोकांना ते पटले. लीलाबाईंनाही पटले. आपला गूळ त्यांच्या पोटात गेला नाही हे बरेच झाले, असे त्या अजून म्हणतात. त्या वर्षीपासून काट्याच्या पूजेला पेढे वाटणे बंद झाले. नुसता नारळ फोडू लागले. ज्या घासाने त्या वाचल्या असत्या तोच घास गुन्हेगार ठरला, आणि ज्या उपासाने मारले त्याची आठवण पुण्य म्हणून राहिली.

पुढे फाटकाजवळ अख्खी गाडी तोलणारा मोठा काटा बसला. माझ्यावरचा शिक्का जुना झाला, नवा कोणी मारला नाही. तरफांच्या धारा बोथट झाल्या आणि मला ढकलत या पडवीत आणून ठेवले. माझ्याकडे झालेल्या दुर्लक्षाची मला फारशी तक्रार नाही. निर्जीव वस्तूला गंज चढतोच. अण्णाजी म्हातारे झाले आहेत. सणाच्या दिवशी कोणाच्या हातात गोड दिसले की ते अजून बोट दाखवून शकुबाईंचे नाव घेतात. मुले हातातला लाडू खाली ठेवतात. मी ऐकतो आणि काही करू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्ही जे करू शकता त्याची तुम्हाला विनंती करतो. आपल्या घरात कोणी वजन उतरवत असेल तर त्याला माझ्यासारख्या काट्यावर जरूर उभे करा, आकडा खरा वाचा, आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. आकड्याला त्याची लायकी समजू नका. आणि त्याने एखाद्या दिवशी एक पेढा खाल्लाच, तर टोमणा मारू नका, शिक्षा करू नका, त्याला लपायला लावू नका. दुसऱ्या दिवशी वेळेवर त्याचे ताट मांडा आणि त्याला नेहमीसारखे जेवायला वाढा.