उस्तादांचं नाक

उस्ताद ॲसिडच्या टाकीवर वाकले, डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला आणि तसेच थांबले. वास आलाच नाही. घशात जळजळ झाली, पण ती आताशा झोपेतही असते.

लोखंडाला मुलामा चढवण्याआधी त्याचा गंज ॲसिडात उतरवायचा. गंज खाता खाता ॲसिड मरत जातं, मग ताजं घालावं लागतं. किती, ते तीस वर्षं उस्तादांचं नाक सांगत आलं होतं. कागदावर कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. काल संध्याकाळी त्यांनी निव्वळ अंदाजाने एक कॅन घालायला लावला होता. आज मालक घड्याळ बघत शेजारी उभे होते आणि बारीक तारेच्या हजार स्प्रिंगा टाकीत सोडायच्या होत्या. ॲसिड कडक असलं तर गंजाबरोबर स्प्रिंगाही खाऊन टाकणार.

"काय म्हणतंय नाक?" मालकांनी विचारलं.

उस्तादांनी बाहीने कपाळ पुसलं, टाकीला एक फेरी मारली, पुन्हा वाकले. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मेलंय. आणखी एक कॅन घाला."

कुणीच हललं नाही. स्प्रिंगा तारेत ओवत बसलेल्या मावशींनी मात्र मान वर केली.

"उस्ताद, तुमचा खिळा राहिला की! नाजूक मालाला आधी खिळा टाकून बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

त्यांनी असलं काही कधीच शिकवलं नव्हतं. पण मावशींनी तारेला बांधलेला खिळा त्यांच्या हातात दिलासुद्धा. टाकीत सोडताच सोड्याची बाटली उघडावी तसा फेस उसळला. अजून एक कॅन पडला असता तर सगळ्या मालाची माती झाली असती.

"कडक आहे," ते कसेबसे म्हणाले. "रिकाम्या टाकीत आधी पाणी घ्या, मग त्यात हे ओता. उलटं करू नका."

"खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे बरं," म्हणत मालक खूश होऊन केबिनमध्ये गेले.

उस्ताद मावशींजवळ येऊन बसले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"माझी भाजी आंबली होती त्या दिवशी. टाकायला निघाले, तर तुम्ही मिटक्या मारत संपवलीत."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. मालक सोडून."

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. पण तुम्ही रोज आणखी खाली वाकताय." मावशींचा हात थांबला. "नाक गेलं ते गेलं. छाती तरी राहू द्या."

"मालकांना सांगून टाकतो," म्हणत उस्ताद गुडघे चोळत उठले आणि केबिनकडे निघाले. दार वाजवण्याआधीच त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि सगळ्या कारखान्याने हातातलं काम थांबवून तिकडे पाहिलं.