दिव्याच्या पेटीतली दुसरी काच

कारखान्यात बाईंना सगळे दिवेवाल्या म्हणायचे. कॅमेरा आपला आपण उजेड मोजून फोटो काढतो, ही तेव्हा लोकांना जादूच वाटायची. पण कॅमेऱ्याला ती जादू शिकवायच्या बाईच! दिव्याच्या पेटीसमोर एकेक कॅमेरा ठेवायचा, काटा रेघेवर येईस्तोवर बारकासा स्क्रू फिरवायचा, की झाला कॅमेरा शहाणा. पहिलं मॉडेल खपलं, दुसरं तर हातोहात गेलं. "यात चेहरे काय उजळ येतात!" लोक म्हणायचे, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता त्यांची सून त्या कॅमेऱ्यांचा इतिहास लिहीत होती. संध्याकाळी पुस्तिका छापायला जायची होती आणि एकच पान अडलं होतं, तिसऱ्या मॉडेलचं. ते केलं होतं बाईंच्या यजमानांनी, आणि त्यानंच कारखाना बुडाला होता. सासऱ्यांबद्दल हे लिहायचं कसं, दुसरं काही कारण सापडतंय का बघावं, म्हणून सुनेनं गोदामातली जुनी पेटी आणि तिच्या बांधणीचा नकाशा घरी आणून टेबलावर मांडला होता.

"आई, नकाशात पांढऱ्या काचा दोन आहेत. पेटीत एकच कशी?"

"ती होय? पहिल्याच आठवड्यात पुसताना फुटली. नोकरी जाईल म्हणून तुकडे डब्यात लपवून घरी आणले, हूं की चूं केलं नाही." बाई खुदकन हसल्या. "जादाची असणार गं. अडलं का कधी काही?"

सून हसली नाही. उजेड मोजायचं यंत्र तिनं पेटीसमोर धरलं, नकाशातला आकडा पाहिला, परत मोजलं.

"आई, उजेड मंद करणारी एक काच कमी, म्हणून हिचा उजेड दुप्पट आहे. यालाच नेहमीचा उजेड समजून तुमचे कॅमेरे प्रत्येक फोटोत दुप्पट उजेड घेत राहिले. म्हणून चेहरे उजळ!"

बाईंना आधी गंमतच वाटली. आपल्या वेंधळेपणावर कारखाना जगला, घ्या! मग हसू ओठांवरच विरलं. यजमानांचं मॉडेल नव्या इमारतीत बनलं होतं, नकाशाबरहुकूम केलेल्या नव्या पेटीसमोर. त्या पेटीत दोन काचा होत्या. उजळ चेहऱ्यांची सवय लागलेल्या गिऱ्हाइकांनी, फोटो काळे येतात म्हणून, कॅमेरे परत आणून आपटले. वर्षभरात टाळं लागलं, चारशे माणसं घरी बसली आणि सगळं खापर यजमानांच्या डोक्यावर फुटलं.

बाई पेटीजवळ येऊन बसल्या.

"अगं बाई गं! म्हणजे त्यांचं बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं, आई." सून त्यांच्याजवळ बसली. "पण काचेचं आपल्या दोघींतच राहू द्या. उद्या त्या उजळ चेहऱ्यांसाठीच तुमचा सत्कार आहे."

"चुलीत गेला तो सत्कार! त्यांचं नाव धुऊन काढ आधी. आणि माझं लिही. काच फोडली, लपवली, सगळं लिही."

सुनेनं लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. "एवढंच ना?"

"नाही." बाई म्हणाल्या. "शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं होतं, 'तुझ्या पेटीत काही वेगळं होतं का गं?' मला काच आठवली. कशाला जुनं उकरायचं, म्हणून मी म्हटलं, 'छे, काही नाही.' हेही लिही."