उजव्या डोळ्याने पाहिलेलं विमान

रंगाच्या बाबतीत दातवाल्यांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. सगळी नोकरी त्यांनी दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात बनवण्यात घालवली. त्यांचा दात शेजारच्या खऱ्या दातांत असा मिसळून जाई, की माणूस तोंड भरून हसला तरी नवा कुठला ते कळत नसे. दिवसभर पांढऱ्या-पिवळ्याशी झटापट झाली, की घरी येऊन ते शर्यतीच्या गाड्या आणि लढाऊ विमानं रंगवत. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर सुरू झालेलं हे वेड निवृत्तीनंतरही उतरलं नाही. बायको म्हणे, "दुसऱ्यांचे नवरे पेपर वाचत बसतात, आमचे विमानं उडवतात. तेही खुर्चीवरून न हलता!"

या रविवारी त्यांतलं एक विमान घराबाहेर जायचं होतं. समोरच्या इमारतीतले निवृत्त वैमानिक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, त्यांनी आपण चालवलेलं करडं विमान दातवाल्यांकडून मुद्दाम रंगवून घेतलं होतं. कॅप्टन संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. बाकी सामान देऊन टाकलं होतं; हे चित्र तेवढं न्यायचं होतं.

चित्र कधीच पूर्ण झालं होतं. मधल्या काळात दातवाल्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी त्यांनी चित्र बांधायला घेतलं आणि कागद तसाच हातात राहिला. विमान निळं होतं.

"डॉक्टर म्हणालेत ना, थोडे दिवस सगळं निळसर दिसेल म्हणून?" बायको म्हणाली.

"म्हणालेत. पण मग सगळंच निळसर दिसायला हवं."

डावा डोळा तळहाताने झाकून ते पॅसेजमध्ये गेले. तिथे त्यांची चित्रं जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने टांगली होती. लाल गाड्या लालच होत्या. तरुणपणीची विमानं नीट करडी होती. पण दाराकडे यावं तसा करडा निळ्याकडे सरकत गेला होता, आणि शेवटची पांढरी गाडी तर नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी दिसत होती. दोष नव्या डोळ्याचा असता, तर पहिलं विमानही निळं दिसलं असतं.

काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं, निळा आत पोचेना, म्हणून ते रंगात निळा वाढवत गेले. कामावर नमुना शेजारी धरल्याशिवाय त्यांनी एकही दात रंगवला नव्हता. घरी मात्र नमुना धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. रंग डोक्यात आहे, असं ते ऐटीत सांगत.

"तुला हे दिसत होतं?"

"न दिसायला काय झालं? माझे दोन्ही डोळे केव्हाच करून झालेत."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते, गाडीचं चाक लांबुळकं झालंय म्हणून. आठवडाभर फुगून बसला होतात. म्हटलं, वय झालं, निळा आवडायला लागला असेल."

तेवढ्यात बेल वाजली. कॅप्टन आत आले आणि चष्मा सारखा करून चित्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "हाच. अगदी हाच रंग! वहिनी, तुमच्या यजमानांचा हात धरणारा कुणी नाही."

बायकोने दातवाल्यांकडे पाहिलं. गप्प बसलं असतं तर काम भागत होतं. चित्र जाणार होतं, माणूस खूश होता.

"कॅप्टन, रंग चुकलाय," दातवाले म्हणाले. "आणि तुम्हाला तो बरोबर दिसतोय, म्हणजे तुमचेही डोळे दाखवायला हवेत."

"माझे डोळे? अहो, मी ढगांतून विमान उतरवलंय!"

दातवाल्यांनी पॅसेजमधलं सगळ्यात जुनं विमान काढून आणलं आणि नव्याच्या अंगाला लावून धरलं. कॅप्टन वाकले. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. आवाज जरा खाली आला.

"दोन्ही सारखी नाहीत खरी. पण मला माझं विमान या नव्यातच दिसतं. जुनं मळकट वाटतं."

"आज वाटतं. ऑपरेशन झाल्यावर मुलीच्या घरी भिंतीवर निळं विमान दिसेल, आणि तेव्हा ते बदलून द्यायला मी शेजारी नसेन. रंग लगेच वाळतो. संध्याकाळपर्यंत करून देतो."

"म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत बिघडवणार तुम्ही ते!"

"हो."

कॅप्टन खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. विमान तसंच सुरेख दिसत होतं.

"ढगात शिरलं ना," ते शेवटी म्हणाले, "की विमान सरळ चाललंय असं अंगाला वाटतं, आणि समोरच्या यंत्राचा काटा सांगतो की कललंय. शिकाऊ असताना मी काट्याशी भांडायचो." त्यांनी चित्राकडे हात केला. "करा. मी इथेच बसतो."

दातवाल्यांनी जुनं विमान नमुन्यासाठी शेजारी टेकवलं, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि करडा कालवायला घेतला. पहिला हात विमानाच्या नाकावर फिरला.

"आई गं," कॅप्टन पुटपुटले, "चिखल फासला की हो!"

"फासतोय," दातवाले म्हणाले, आणि पंखाकडे वळले.